काजूच्या बागेतलं वारूळ फोडू की राहू देऊ?

लांजेकर | 14 एप्रिल

नमस्कार मंडळी. मी नोकरीला पुण्यात, गाव लांजा तालुक्यात. गावी आईबाबा असतात. तीन एकर काजू आहे, बहुतेक वेंगुर्ला-4, थोडी वेंगुर्ला-7, आणि घराच्या मागे बावीस हापूसची कलमं.

बागेच्या वरच्या अंगाला, कातळ संपून माती सुरू होते तिथे, एक वारूळ आहे. मी शाळेत असताना गुडघ्याएवढं होतं, आता माझ्या खांद्याला लागतं. आजी होती तोवर नागपंचमीला तिथे दूध-लाह्या जायच्या. नंतर कुणी फिरकलं नाही.

यंदा दोन गोष्टी झाल्या. पाडव्याच्या आदल्या दिवशी बाबांनी माजघराचं दार ओढलं तर बिजागरी लाकडासकट हातात आली. चौकट आतून पूर्ण पोकळ, वरचा ऑईलपेंट तेवढा शाबूत. बोट दाबलं तर पापडासारखं आत गेलं. आणि बागेत बघितलं तर सात-आठ काजूंच्या खोडांवर कमरेपर्यंत मातीचा लेप चढलेला.

बाबा संतापले. बाजारातून वाळवीच्या औषधाचा पाच लिटरचा कॅन आणून ठेवलाय. दुकानदाराने सांगितलंय की वारुळाला पहारीने भोकं पाडा, औषध पाण्यात कालवून ओता, वर दगड ठेवा, आठ दिवसांत खेळ खलास. मे महिन्यात मी गेलो की हे काम माझ्याकडे आहे.

माझी अडचण अशी की वारुळाच्या खालच्या बाजूला, अदमासे चाळीस फुटांवर, आमची पिण्याची विहीर आहे. शिवाय त्याच जागी दरवर्षी आषाढात अळंबी येतात, त्यांचा वारुळाशी काही संबंध आहे का? वाळवीचा काही उपयोगही असतो असं कुठेतरी वाचलं होतं. खरंच असतो, की शहरात बसून लिहिणाऱ्यांचं कौतुक आहे ते? बाबांना पटेल असं काही सांगा. त्यांना "पर्यावरण" हा शब्द ऐकला की चीड येते.

देवगडवाला | 14 एप्रिल

ओता आणि मोकळे व्हा. माझी गेल्या पावसाळ्यात लावलेली चाळीस कलमं होती, त्यातली अकरा वाळवीने मुळाशी खाल्ली. एका कलमाची किंमत, खड्डा, मजुरी, सगळं धरा आणि मग उपयोग विचारा. विहीर आहे म्हणता तर औषध जपून वापरा, पण वारूळ ठेवू नका. त्यात नाग येऊन बसेल तो वेगळाच.

मांगरातला म्हातारा | 15 एप्रिल

लांजेकर, वयाने मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतो, रागावू नकोस. एकतीस वर्षं कृषी सहायक म्हणून सिंधुदुर्गात पायपीट केली. आता सावंतवाडीच्या बाजूला बागेतल्या मांगरात राहतो. मुलं बाहेर, बायको देवाघरी, वाळवी शेजारी.

आधी एक काम कर. बाबांना फोन लाव आणि सांग की लेप चढलेल्या एका काजूच्या खोडावरची वीतभर माती काडीने खरवडून काढा. औषध नको, कोयती नको, काडी. खाली काय दिसतं ते मला कळव. सालीचा वरचा, मेलेला, खरखरीत पापुद्रा खाल्लेला असेल. मग तिथेच नखाने जरा खोल टोकर. हिरवं आणि ओलं लागलं तर झाड ठणठणीत आहे. वाळवी वरची मेलेली साल खाते, आणि ऊन व मुंग्या लागू नयेत म्हणून स्वतःवर मातीचं पांघरूण घेऊन खाते. पांघरूण मोठं दिसतं, जेवण छोटं असतं. पोसलेल्या काजूला त्याने सहसा काही होत नाही. पावसाच्या दोन सरी पडल्या की लेप आपोआप धुऊन जातो.

आता चौकट. तुझ्या बाबांनी चौकटीचा आळ वारुळावर घातला, हे मी हजार घरांत पाहिलंय. वाळवी ही काही एक जात नाही. जगात तिच्या सुमारे 3000 जाती, आपल्या देशात 300 च्या आसपास, आणि त्यातल्या माणसाला खरोखर त्रास देणाऱ्या मूठभर. घराचं लाकूड खाणाऱ्यांतल्या काही पक्क्या चोर जाती वारूळ बांधतच नाहीत. त्या जमिनीखाली, जोत्याखाली, भिंतीच्या ओलीत राहतात. तू वारुळात पाच लिटर ओतलंस तरी त्यांच्या केसालाही धक्का लागणार नाही. पुढच्या वर्षी दुसरी चौकट जाईल आणि बाबा म्हणतील औषध भेसळीचं होतं. चौकटीचं दुखणं चौकटीपाशी बघा: जोत्याला ओल कुठून येते, भिंतीला टेकवून सरपण रचलंय का, पन्हाळीचं पाणी कुठे पडतं. आमचे आजे वाशांना आणि चौकटीच्या बुडाला काजूच्या टरफलाचं तेल लावायचे. हात भाजतात त्याने, पण त्या घराचे वासे अजून उभे आहेत.

मी हे साळसूदपणे सांगतोय, पण मीही फोडलीत वारुळं. 1994 साली नवीन बाग केली तेव्हा माझ्या जमिनीत चार होती. तेव्हा बीएचसी ही कीडनाशक पावडर मिळायची, आम्हीच ती शेतकऱ्यांना शिफारस करायचो. (1997 साली तिच्यावर बंदी आली, तोवर मी किती पोती वाटली असतील देव जाणे.) तीन वारुळांत भरली. चौथं बांधाच्या पलीकडे सामाईकात होतं आणि भाऊबंदकीत त्याला हात लावणं परवडणारं नव्हतं, म्हणून वाचलं.

पैकी एक वारूळ मी नंतर पहारीने उघडलं. वरची माती इतकी टणक की पहार वाजत होती. हातभर आत गेल्यावर मात्र ऊबदार, ओला, अळंबीसारखा वास आला. बाहेर वैशाख आणि आत तळघरातली हवा. मग लागले कप्पे. एकेका कप्प्यात ओंजळीत मावेल एवढा गड्डा, करडा-तपकिरी, मेंदूसारख्या सुरकुत्यांचा, हातात घेतला तर स्पंजासारखा हलका. त्यावर साबुदाण्याच्या कणीएवढे पांढरे ठिपके. अगदी मध्ये मातीची एक जाड डबी. ती फोडली तर राणी, करंगळीएवढी, पांढरट, पोट सारखं हलतंय. मेली होती बाकीची, ही हलत होती. ते बघून मला काही साक्षात्कार वगैरे झाला नाही. पण त्या रात्री जेवण गेलं नाही, एवढं खरं.

आणि तुझ्या अळंबीचं उत्तर त्या गड्ड्यात आहे. ही वाळवी शेती करते. वाळकं लाकूड, पातेरा, गवत नीट पचवायची ताकद तिच्यात नाही. ती ते चघळून, पोटातून झटपट बाहेर काढून गड्ड्यावर थर देते. त्यावर बुरशी वाढते, बुरशी लाकडाचा टणक भाग मोडते आणि मग वाळवी तो तयार झालेला माल खाते. आपण शेण-पातेऱ्याचं खत कुजवतो तसंच, फक्त ती ते घरात करते आणि खतच जेवते. पाऊस लागला की त्याच बुरशीला वर छत्र्या फुटतात. त्या तुझ्या अळंबी. पुढच्या वेळी उपटताना ओढू नकोस, हळूच उकरत जा. देठ जमिनीखाली संपत नाही, पांढऱ्या शेपटीसारखा खाली खाली जात राहतो, थेट गड्ड्यापर्यंत. म्हणून तर या अळंबीची लागवड कुणाला जमत नाही. धिंगरी अळंबी पोत्यात लावली तर येते, ही येत नाही. वाळवी गेली की अळंबी गेली. माझ्या तिन्ही जागी 1994 नंतर एकही छत्री उगवलेली नाही. चौथीच्या आसपास येतात, आणि त्या न्यायला चुलतभावाची सून येते, हक्काने.

खताबद्दल आणि पाण्याबद्दल बोलायचं राहिलं. डोळे दमले, उद्या लिहितो. औषधाचा कॅन मात्र उघडू नका. वरच्या अंगाला वारूळ, खाली विहीर, मध्ये जांभा. जांभ्यातून पाणी कसं झिरपतं ते लांजेकराला मी सांगायला नको.

लांजेकर | 15 एप्रिल

काका, बाबांनी संध्याकाळीच तीन झाडं खरवडली. तिन्हीत खाली हिरवं निघालं. चौथं एक मेलेलं होतं, पण बाबाच म्हणाले की ते गेल्या वर्षी रोठ्याने, म्हणजे खोड पोखरणाऱ्या अळीने, गेलं होतं, वाळवी नंतर आली असणार. हे त्यांनी स्वतःहून कबूल केलं, यातच आलं सगळं. कॅन पडवीत आहे, सील न तोडता. सरपण मात्र माजघराच्या भिंतीलाच रचलेलं आहे, तीस वर्षं.

मांगरातला म्हातारा | 16 एप्रिल

सरपण आजच हलवा.

आता कालचं पुढे. बाबांना सांगायचा मुद्दा एकच आहे. आपल्याकडे पाऊस चार महिने, उरलेले आठ महिने जमीन तापते. गांडूळ पावसाळ्याचा गडी. ऑक्टोबर सरला की खोल जाऊन झोपतो. पातेरा कुजवणाऱ्या बाकीच्या बुरश्या-जंतूंनाही ओल लागते, तेही थंडावतात. पण काजूची पानगळ कधी होते? पाऊस गेल्यावरच. म्हणजे ज्या वेळी बागेत पातेऱ्याचा थर पडतो त्याच वेळी तो कुजवणारे सुट्टीवर. या कोरड्या महिन्यांत कामावर राहते ती वाळवी, कारण ती ओल स्वतःबरोबर घेऊन फिरते. खालून ओली माती आणते, तिचेच बोगदे करते, त्यातून ये-जा करते. मार्च महिन्यात तुझ्या बागेत पातेऱ्याचा थर उचलून बघ. खालून पानांची जाळी झालेली असेल आणि जागोजाग ओलसर मातीचे पापुद्रे. ते काम फुकटात होतंय.

दुसरं पाणी. हे मी माझ्यापुरतं करून पाहिलं, शास्त्र म्हणून सांगत नाही. तेलाच्या डब्याचं बूड कापून काढलं, नळकांडं चार बोटं जमिनीत ठोकलं आणि तांब्याने पाणी ओतलं. सामाईकातल्या वारुळापासून पाच-सहा पावलांवर, पातेऱ्याखाली, विडी अर्धी व्हायच्या आत पाणी गायब. मग माझ्याच बागेतल्या झाडून-लोटून साफ केलेल्या तुकड्यात तेच केलं. विडी संपली, चहा करून प्यालो, तरी डब्यात पाणी उभं. त्यात मुंगळा पोहत होता. जमिनीत भोकंच नाहीत तर पाणी जाणार कुठून? मृगाचा पहिला पाऊस तिथून लाल होऊन वाहून जातो. आणि जाताना माझी माती नेतो.

देवगडवाले, तुमची अकरा कलमं खोटी नाहीत. नव्या लागवडीला वाळवी खाते: नारळाचं रोप, उसाची टिपरी, भुईमूग, पहिल्या दोन वर्षांचं कलम. पण एक विचारतो. त्या खड्ड्यांत तुम्ही अर्धवट कुजलेलं शेणखत घातलं होतं का? आणि आजूबाजूचं गवत-पातेरा जाळून जागा स्वच्छ केली होती का? कच्च्या खताने तिला खड्ड्यात बोलावलं आणि बाहेरचं ताट काढून घेतलं, तर ती समोरचंच खाणार. नव्या कलमाला खत पूर्ण कुजलेलंच द्यावं, आच्छादन खोडाला भिडवू नये, हातभर लांब ठेवावं. बागेच्या कडेला वाळक्या फांद्यांचा एक ढीग तिच्या नावाने सोडून द्यावा. मी तसा ठेवतो.

देवगडवाला | 16 एप्रिल

खत कच्चं होतं. मान्य. पण काका, वाळवी मिथेन वायू सोडते आणि त्याने पृथ्वी तापते हे माझ्या मुलीच्या पुस्तकात आहे. आणि पाणी मुरतं म्हणता, कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आम्हाला पाणी मुरवायला वाळवी कशाला हवी? ते मराठवाड्यात सांगा.

बीडची माहेरवाशीण | 17 एप्रिल

मराठवाड्याचं नाव निघालं म्हणून मध्ये बोलते. आमच्याकडे हिला उधई म्हणतात आणि शिवी दिल्यासारखं म्हणतात. माझी सात एकर मुरमाड, त्यातलं दीड एकर असं की बाभूळसुद्धा वाढेना. वर पापडी धरलेली. पाऊस पडला की पाणी काचेवरून गेल्यासारखं जायचं.

मी एका माहितीपटात बुर्किना फासोच्या याकूबा सावादोगोंची गोष्ट पाहिली. आफ्रिकेच्या त्या भागात आपल्यासारखीच ज्वारी-बाजरी. 1980 च्या सुमाराला सलग दुष्काळ पडले, गावंच्या गावं उठून गेली. हा माणूस गेला नाही. त्यांच्याकडे जुनी पद्धत होती, कडक जमिनीत छोटे खड्डे घ्यायचे, "झाई" म्हणतात. वीत-दीड वीत रुंद, वीतभर खोल. त्यांनी ते खड्डे मोठे केले आणि भर उन्हाळ्यात, पाऊस यायच्या आधी, त्यांत शेणखत आणि काडीकचरा टाकला. लोकांनी वेड्यात काढलं. पण त्या कचऱ्यावर उधई आली, आणि तिने खड्ड्याच्या बुडातून बोगदे पाडले. जी पापडी कुदळीने फुटत नव्हती ती तिने फोडली. पहिला पाऊस खड्ड्यात थांबला, बोगद्यांतून खाली गेला. ज्वारी आली. पुढे शेणखतातल्या बियांतून झाडंही उठली आणि त्या ओसाड जागी रान झालं. 2018 साली त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. 2023 च्या डिसेंबरात गेले.

मी त्यांच्याएवढी मोठी नाही. मी अर्ध्या एकरात खड्डे घेतले, दोन बायांना घेऊन, एप्रिलमध्ये. सासरे म्हणाले, सून उधईला जेवण घालतीये. दहा-बारा दिवसांनी एक खड्डा उकरला तर तुराट्यांवर ओली माती चढलेली आणि खाली शिशपेन्सिल जाईल एवढी भोकं. पहिल्या वर्षी बाजरी गुडघ्याएवढीच झाली, कणसं बोटभर. पण उगवली. त्या तुकड्यात माझ्या लग्नापासून काही उगवलेलं मी पाहिलं नव्हतं. सासरे आता खड्डे मोजतात.

उसात आणि गव्हात उधई नुकसान करते, तेही सांगते. माझ्या जावेच्या गव्हात ठिगळं पडली होती. मी उधईची वकील नाही.

मांगरातला म्हातारा | 17 एप्रिल

ताई, एवढं आमच्या कुठल्या प्रशिक्षण वर्गात ऐकलं असतं तर मी बीएचसी कमी वाटली असती.

देवगडवाले, मिथेन सोडते, खरं आहे. जगातल्या एकूण मिथेनमध्ये तिचा वाटा शंभरात एक ते तीन. गुरं, भातखाचरं, कोळशाच्या नि तेलाच्या खाणी आणि आपले कचऱ्याचे डोंगर यांच्यापुढे ती बिचारी कुठे. शिवाय भातखाचरं आपण बुजवणार आहोत का?

पावसाचं तुम्ही नेमकं बोललात. मलाही ती शंका होती. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात गव्हाच्या शेतावर प्रयोग झाला होता, 2011 साली छापून आला. काही पट्ट्यांत औषध टाकून मुंग्या आणि वाळवी मारली, काहींत राहू दिली. जिथे राहिली तिथे गहू 36 टक्के जास्त. कारण तेच, बोगद्यांतून पाणी आत गेलं, आणि वाळवीच्या पोटातल्या जंतूंमुळे नत्रही वाढलं. पण ती कोरडी हवा. आपल्याला तो आकडा लागू करायचा तर मी स्वतःच नको म्हणेन.

माझ्या मनात बसला तो दुसरा प्रयोग, बोर्निओतला. तिथे पाऊस आपल्यासारखाच धो धो, जंगल सदाहरित. 2015-16 मध्ये एल निनोचा दुष्काळ पडला आणि त्या वेळी नेमके काही तुकड्यांत वाळवी मारून ठेवलेली होती. दुष्काळात बाकीच्या जंगलात वाळवी दुपटीहून वाढली. तिथे पातेरा कुजत राहिला, जमिनीत ओल टिकली, आणि लावलेली रोपं वाळवी नसलेल्या तुकड्यांपेक्षा निम्म्याने जास्त जगली. दुष्काळ संपल्यावर मात्र दोन्हींत फारसा फरक उरला नाही. म्हणजे पाणी मुबलक असताना ती असली काय नि नसली काय. टंचाई आली की तिचं मोल कळतं. आता मला सांगा, देवगडात एप्रिल-मे मध्ये टँकर येतो की नाही?

नाव सोडलेला संस्कृत मास्तर | 18 एप्रिल

थोडं अवांतर. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचा अध्याय आहे, जमिनीखालचं पाणी कसं शोधावं यावर. त्यात वारुळं पदोपदी येतात. जांभळीच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल तर झाडाच्या दक्षिणेला दोन पुरुष (हात उंचावलेल्या माणसाएवढं जुनं माप) खोलीवर गोड पाणी लागतं, अशा धर्तीची सूत्रं. सहाव्या शतकात कुणीतरी वारूळ, झाड आणि पाणी यांची सांगड घालून पाहत होतं, एवढंच म्हणायचं आहे. वारूळ मुंग्यांचं असतं ही समजूत मात्र आपल्या भाषेत फार घट्ट आहे.

मांगरातला म्हातारा | 18 एप्रिल

मास्तर, आमच्याकडे पाणाड्या तळहातावर नारळ उभा करून फिरतो आणि तो पडेल तिथे बोअर मारतात. त्यापेक्षा वराहमिहिर बरा. पण वारूळ आहे म्हणून विहीर खणू नका कुणी. तिला पुरणारी ओल आणि पंपाला पुरणारं पाणी यांत फार अंतर आहे.

मुंग्यांचं तुम्ही बरोबर बोललात. मुंग्या तर वाळवीच्या पक्क्या वैरी. वाळवी नात्याने झुरळाच्या घरातली. आणि नाग वारूळ बांधत नाही, सोडून दिलेल्या भागात शिरतो. "आयत्या बिळावर नागोबा" म्हणणाऱ्याने ते बघूनच म्हटलं असणार. घोरपड तर चालू वारूळ उकरून आत अंडी घालते. आत ऊब आणि ओल कायम, पिल्लं सुखात. खवले मांजर रात्री येऊन वारुळाला नखांनी खिंडार पाडतं, पोटभर खातं आणि जातं. वाळवी दोन दिवसांत बुजवून टाकते. माझ्या सामाईकातल्या वारुळाला असं खिंडार मी दोनदा पाहिलंय. जनावर काही दिसलं नाही कधी.

तळकोकणात आणि गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात. सातेरी देवीच्या कितीतरी देवळांत मूर्तीच्या जागी रोयणच आहे. आमच्या गावच्या गाभाऱ्यातली रोयण माझ्या लहानपणापासून वाढलीय, गुरव शपथेवर सांगतो. देवीला पुजणारा मीच बीएचसीची पोती वाटत होतो, आणि ते दोन्ही एकाच आठवड्यात. त्याचं तेव्हा काही वाटलं नाही.

लांजेकर | 9 जुलै

बऱ्याच दिवसांनी येतोय. काय झालं ते सांगायचं राहिलं होतं.

सरपण हलवलं. त्याच्यामागे भिंतीवर जोत्यापासून मातीच्या दोन नळ्या वर चढलेल्या होत्या, करंगळीएवढ्या जाड, सरळ चौकटीत शिरलेल्या. म्हणजे चोर घरातलाच. जोत्याची भेग बुजवली, पन्हाळ फिरवली, चौकट नवी बसवली. काजूच्या टरफलाचं तेल गावातल्या काजू कारखान्यात मिळालं. बाबांच्या हाताला फोड आले, काकांनी सांगितलेलं असूनही. बाबांना घराभोवती औषध हवंच होतं. शेवटी विहिरीच्या विरुद्ध बाजूला, फक्त जोत्याच्या कडेने, गावातल्या माहीतगार माणसाकडून मारून घेतलं. वारुळात ओतलं नाही. उरलेला कॅन दुकानदार परत घेत नाही, तो पडून आहे.

जूनच्या पहिल्या जोरदार पावसानंतर संध्याकाळी वारुळातून पंखवाल्या वाळव्या उठल्या. मी पाचव्या मिनिटाला फोनवर व्हिडिओ काढायचं सोडून दिलं. कोतवाल, बुलबुल, खाली बेडूक, शेजाऱ्याचा कुत्रा, आमच्या कोंबड्या, सगळी पंगत. अर्ध्या तासात अंगणात नुसते पंख. आई म्हणाली, इतक्यातून एखादी तरी वाचत असेल का?

आणि परवा अळंबी आल्या. टोपलीभर. काकांनी सांगितल्याप्रमाणे एक हळूहळू उकरली. कोपरापर्यंत हात गेला, देठ चालूच होता. शेवटी बाबा म्हणाले, पुरे, भाजीला उशीर होतोय.

एकच प्रश्न. सगळ्या काढल्या तर चालतात का, की काही ठेवायच्या?

मांगरातला म्हातारा | 10 जुलै

कळ्या काढ, पूर्ण उमललेल्या छत्र्या निम्म्या तरी तशाच सोड. जूनमध्ये उडालेल्यांपैकी ज्या एकदोन जोड्या वाचल्या असतील, त्या आता जमिनीखाली संसार मांडून बसल्यात. त्यांची पहिली पोरं आत्ता कुठे बाहेर पडत असतील. घरात गड्डा लावायचा तर बुरशीचं बियाणं लागतं, आणि या जातींत बहुतेक वेळा ते बियाणं त्या पोरांना बाहेरूनच, अशा उमललेल्या छत्र्यांच्या गळालेल्या भुकटीतून मिळतं. तू टोपली भरून सगळ्या नेल्यास तर त्यांची पेरणी चुकली.

आईला सांग, वाचते एखादी. आणि तो कॅन विहिरीपासून लांब, कुलपात ठेव.